सूत्र पाठ आहे, पण हाड ओळखता येत नाही
वाचकांचे प्रश्न : शरीररचना लक्षात ठेवण्याच्या युक्त्या

शरीररचनाशास्त्र शिकताना नावे, क्रम आणि आकडे लक्षात कसे ठेवावेत, या विषयावर आलेल्या पत्रांपैकी सात पत्रे या अंकासाठी निवडली आहेत. पत्रलेखकांमध्ये वैद्यकीय, फिजिओथेरपी आणि नर्सिंगचे विद्यार्थी आहेत, तशाच शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या एक शिक्षिकाही आहेत. जागेअभावी काही पत्रे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : मी वैद्यकीय शिक्षणाच्या पहिल्या वर्षाला आहे. मनगटातील आठ हाडांची नावे एका इंग्रजी वाक्याच्या आधाराने मला तोंडपाठ आहेत. तरीही तोंडी परीक्षेत सरांनी तळहातावर एक हाड ठेवून ‘हे कोणते?’ असे विचारले, तेव्हा मला एक अक्षरही बोलता आले नाही. माझे पाठांतर कमी पडले की पद्धतच चुकली?

उत्तर : पाठांतर कमी पडलेले नाही. तुम्ही पाठ केली होती ती नावांची यादी आणि परीक्षकांनी विचारले ते एक हाड, म्हणून दोघांची गाठच पडली नाही. आद्याक्षरांचे वाक्य, म्हणजे ज्यातल्या शब्दांची पहिली अक्षरे नावांच्या पहिल्या अक्षरांशी जुळतात असे वाक्य, तुम्हाला फक्त एवढेच सांगते की नावे कोणती आहेत आणि ती कोणत्या क्रमाने येतात. हाड कसे दिसते, कुठे असते, कशाला टेकलेले असते आणि मोजायला कोणत्या बाजूने सुरुवात करायची, यातले काहीही त्या वाक्यात नसते. विद्यार्थी असताना मी स्वतः आठही नावे न अडखळता सांगितली होती, पण करंगळीच्या बाजूने मोजत. पहिलेच हाड चुकल्यामुळे पुढची सातही चुकली. त्या दिवसापासून मी कोणतेही स्मरणसूत्र वहीत लिहिताना त्याच्या आधी ‘कुठून कुठे’ हे शब्द लिहितो आणि माझ्या विद्यार्थ्यांनाही तोच आग्रह करतो.

आता याच आठ हाडांकडे पुन्हा पाहू. ही हाडे चार-चारच्या दोन रांगांत असतात आणि दोन्ही रांगा आपण अंगठ्याकडून करंगळीकडे मोजणार आहोत. पहिली रांग कोपराच्या बाजूची: स्कॅफॉइड, ल्युनेट, ट्रायक्वेट्रल, पिसिफॉर्म. या नावांचे अर्थ अनुक्रमे होडीसारखे, चंद्राच्या कोरीसारखे, त्रिकोणी आणि वाटाण्याएवढे असे आहेत. म्हणजे नाव ठेवणाऱ्यांनी चित्र आपल्या हातात आधीच दिलेले आहे. डोळ्यांसमोर एक होडी आणा, होडीवर चंद्र, चंद्रापुढे त्रिकोणी शीड आणि त्या शिडावर चिकटलेला एक वाटाणा. शेवटची जोडी नुसती कल्पनेतली नाही, कारण पिसिफॉर्म हे हाड खरोखरच ट्रायक्वेट्रलच्या तळव्याकडील बाजूवर बसलेले असते.

दुसरी रांग बोटांच्या बाजूची: ट्रॅपेझियम, ट्रॅपेझॉइड, कॅपिटेट, हॅमेट. पहिल्या दोघांत सर्वांचाच गोंधळ होतो, म्हणून त्यांना बोटांशी बांधून टाका. ट्रॅपेझियमवर अंगठा उभा असतो, ट्रॅपेझॉइडवर तर्जनी, कॅपिटेटवर मधले बोट, आणि हॅमेट एकटे अनामिका व करंगळी या दोघींचा भार घेते. कॅपिटेट म्हणजे डोके असलेले. आठांत सर्वांत मोठे हाड तेच आणि त्याचे गोल डोके स्कॅफॉइड व ल्युनेट यांनी मिळून केलेल्या खोबणीत बसते. हॅमेट म्हणजे आकडा असलेले. तो आकडा इतका स्पष्ट असतो की डोळे मिटून हाड हातात घेतले तरी ते ओळखता यावे.

यानंतरचा भाग वाचू नका, करून पाहा. डाव्या हाताचा अंगठा ताठ करून मागे ताणा. मनगटाच्या अंगठ्याकडील कडेला दोन कंडरांमध्ये, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या दोरीसारख्या पट्ट्यांमध्ये, एक खळगा दिसेल. जुन्या वैद्यांनी त्याला तपकिरीच्या डबीचे नाव दिले, कारण तपकीर ओढणारे चिमूटभर तपकीर तेथे ठेवत असत. त्या खळग्यात उजव्या तर्जनीचे टोक दाबलेत तर तळाशी जे कठीण लागते ते स्कॅफॉइड, आणि थोडे बोटांच्या दिशेने सरकलात की ट्रॅपेझियम. बोट हलके ठेवलेत तर तेथे नाडीही लागते. हात टेकून पडलेल्या माणसाला नेमके याच जागी दाबल्यावर दुखत असेल, तर डॉक्टरांना स्कॅफॉइड मोडल्याची शंका येते आणि पहिल्या क्ष-किरण चित्रात भेग दिसली नाही तरी ते ती शंका सोडत नाहीत, कारण या हाडाला रक्तपुरवठा मुख्यतः बोटांकडच्या टोकाने होतो आणि मधोमध मोडल्यास कोपराकडच्या तुकड्याचे पोषण तुटू शकते. आता हात सैल सोडून, मनगट किंचित आत वळवून, मनगटाच्या घडीजवळ करंगळीच्या बाजूला चाचपा. इकडून तिकडे हलणारा जो टणक दाणा लागतो तोच वाटाणा, म्हणजे पिसिफॉर्म. तेथून तर्जनीच्या मुळाच्या दिशेने साधारण दोन सेंटिमीटर पुढे जाऊन खोल दाबले की हॅमेटचा आकडा लागतो.

इतके झाल्यावर पाहिजे तर आद्याक्षरांचे वाक्य खुशाल ठेवा. प्रचलित इंग्रजी वाक्यांपैकी मला एकच मनापासून आवडते: ‘सो लाँग टु पिंकी, हिअर कम्स द थम’. यात पहिली रांग करंगळीकडे जाते आणि दुसरी रांग हॅमेटपासून उलट अंगठ्याकडे परत येते, आणि ही दिशा वाक्याच्या अर्थातच सांगितलेली आहे. मात्र वर्गातील मैत्रिणीचे वाक्य दुसरी रांगही अंगठ्याकडूनच मोजत असेल, तर दोन्ही वाक्ये एकदम वापरू नका.

प्रश्न : मी बारावीपर्यंत मराठीतून शिकलो आणि आता फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षाला आहे. सगळे शब्द लॅटिन किंवा ग्रीक आणि स्मरणसूत्रे इंग्रजी, त्यामुळे एका परक्या गोष्टीला दुसरी परकी गोष्ट बांधल्यासारखे होते. मराठीतून सूत्रे केली तर चालतील का?

उत्तर : चालतील, आणि माझ्या अनुभवाने ती अधिक टिकतील. ॲटकिन्सन आणि रॉ या दोन मानसशास्त्रज्ञांनी 1975 साली विद्यार्थ्यांना रशियन शब्द शिकवताना अशी युक्ती वापरली होती: परक्या शब्दाच्या उच्चाराशी जुळणारा आपल्या भाषेतला एखादा शब्द शोधायचा आणि त्याचे अर्थाशी जुळणारे चित्र मनात रंगवायचे. या पद्धतीने शिकलेल्यांना इतरांपेक्षा स्पष्टपणे अधिक शब्द आठवले. अर्थात यासाठी आधारशब्द आपल्या भाषेतला, क्षणात डोळ्यांसमोर येणारा असावा लागतो. परीक्षेत उत्तर लॅटिन नावानेच द्यायचे आहे. त्या नावापर्यंत नेणारी वाट मात्र तुमच्या भाषेतली असायला काहीच हरकत नाही.

तुमच्या विषयात रोज लागणारे काही शब्द घेऊ. ॲबडक्शन आणि ॲडक्शन यांतला फरक एका ‘ब’चा आहे, आणि तो ‘ब’ बाहेरचा आहे: ॲबडक्शन म्हणजे अवयव शरीराच्या मध्यरेषेपासून बाहेर नेणे. हाच ‘ब’ डोळा बाहेरच्या बाजूला वळवणाऱ्या ॲब्ड्युसेन्स या मज्जातंतूच्या नावातही आहे, म्हणजे एका अक्षरात दोन कामे झाली. सुपिनेशनमध्ये तळवा वर येतो. हातात सूप धरल्याप्रमाणे तळवा आकाशाकडे केला की ते सुपिनेशन. प्रोनेशनमध्ये हात पालथा होतो, आणि ‘प्रोनेशन’ व ‘पालथा’ दोन्ही ‘प’चे. ॲफरंट तंतू संवेदना आत आणतात, म्हणून ‘ॲ’ म्हणजे आत. राहिलेला एफरंट बाहेर नेणारा. पायाच्या नडगीत दोन हाडे असतात. त्यांपैकी टिबिया जाड आणि आतल्या बाजूला असून शरीराचा भार तीच पेलते, म्हणून ‘टि’ टेकूचा. फिब्युला बाहेरच्या बाजूला आणि फितीसारखी सडपातळ, म्हणून ‘फि’ फितीचा.

याखेरीज तुमच्याजवळ आणखी एक ठेवा आहे आणि त्याचा उपयोग आपले विद्यार्थी फारच कमी करतात, याचे मला वाईट वाटते. संस्कृत, लॅटिन आणि ग्रीक या एकाच भाषाकुळातल्या असल्यामुळे शरीराच्या अवयवांची कितीतरी जुनी नावे एकमेकांची सख्खी भावंडे आहेत. हाडासाठी ग्रीक ‘ऑस्टिऑन’ आणि आपला ‘अस्थी’. दातासाठी लॅटिन ‘डेन्स’ आणि आपला ‘दंत’. गुडघ्यासाठी ‘जेनू’ आणि ‘जानु’. पावलासाठी ‘पेस, पेडिस’ आणि ‘पाद’. नाकासाठी ‘नासुस’ आणि ‘नासा’. मधल्यासाठी ‘मेडियस’ आणि ‘मध्य’. यकृतासाठी जुना लॅटिन शब्द ‘येकुर’. मानेच्या दुसऱ्या मणक्यावर वर आलेल्या खुंटाला डेन्स का म्हणतात, हे ज्याला ‘दंत’ ठाऊक आहे त्याला पाठ करावे लागत नाही. गुडघे आत वळलेल्या पायांना ‘जेनू व्हॅल्गम’ म्हणतात हे वाचताना ‘आजानुबाहू’ हा शब्द आठवला तर काम झालेच. कानातल्या तीन हाडांचेही तेच: मॅलियस, इन्कस आणि स्टेपीस ही नावे घोकण्याआधी हातोडी, ऐरण आणि रिकीब असे म्हणा. बाहेरून आत जाताना क्रमही हाच आहे, आणि हातोडी ऐरणीला लागूनच असणार हे वेगळे सांगावे लागत नाही.

प्रश्न : मी नर्सिंगची विद्यार्थिनी आहे. मेंदूतून निघणाऱ्या मज्जातंतूंच्या बारा जोड्यांचे इंग्रजी वाक्य येते, पण त्यात तीन ‘ओ’, दोन ‘टी’, दोन ‘व्ही’ आणि दोन ‘ए’ आहेत. कोणता ‘ओ’ कोणता हेच आठवत नाही. एका मैत्रिणीने ‘स्मृतिमहाला’ची पद्धत वापरायला सांगितली आहे. ती येथे उपयोगी पडेल का?

उत्तर : अडचण तुम्ही अचूक ओळखली आहे. आद्याक्षरे एकसारखी असतील तेथे आद्याक्षरांचे सूत्र लंगडे पडते. स्मृतिमहालाची पद्धत मुळात प्राचीन ग्रीक आहे. सिमोनिडीस नावाच्या कवीविषयी अशी आख्यायिका आहे की मेजवानीच्या दालनाचे छत कोसळून सर्व पाहुणे ओळखू न येण्याइतके चिरडले गेले, आणि थोड्याच वेळापूर्वी बाहेर पडलेल्या सिमोनिडीसने कोण कुठे बसला होता हे आठवून एकेकाची ओळख पटवली. रोमन वक्ता सिसेरो याने ही कथा नोंदवली आहे. परिचित वास्तूतल्या एकेका जागी एकेक गोष्ट मनाने ठेवत जायचे आणि नंतर त्याच वाटेने फिरून ती उचलायची, असे तिचे स्वरूप आहे. शरीररचनेसाठी मात्र वेगळा महाल बांधण्याची गरज नाही, कारण जागा म्हणून शरीर आपल्याजवळ आहेच. तेव्हा बाराही जोड्या स्वतःच्या चेहऱ्यावर बोट फिरवत मोजा.

नाकाच्या शेंड्यावर बोट ठेवा: नाक एक, म्हणून पहिला ऑल्फॅक्टरी, वासाचा. डोळे दोन, म्हणून दुसरा ऑप्टिक, दृष्टीचा. पापणी उचला: तिसरा ऑक्युलोमोटर, पापणी उचलणे, बाहुली लहान करणे आणि डोळ्याच्या बहुतेक हालचाली त्याच्याकडे. डोळ्याच्या खोबणीच्या वरच्या आतल्या कोपऱ्याला स्पर्श करा: तेथे तंतूंची एक बारीकशी कप्पी असते आणि तिच्यातून एका स्नायूची कंडरा वळते. ट्रॉक्लिया म्हणजे कप्पी, आणि त्या स्नायूला चालवणारा चौथा ट्रॉक्लियर. गालावरून हात फिरवा आणि दात चावा: पाचवा ट्रायजेमिनल, चेहऱ्याची संवेदना आणि चर्वण. डोळा बाहेर वळवा: सहावा ॲब्ड्युसेन्स, बाहेरचा ‘ब’. हसा: सातवा फेशियल. कानाला हात लावा: आठवा व्हेस्टिब्युलोकॉक्लियर, तोल आणि श्रवण. आवंढा गिळा: नववा ग्लॉसोफॅरिंजियल, जिभेचा मागचा भाग आणि घसा. बोट गळ्यावरून छातीवर आणि पोटावर उतरवा: दहावा व्हेगस, व्हेगस म्हणजे भटका, आणि तो खरोखरच पोटापर्यंत भटकतो. खांदे उडवा: अकरावा ॲक्सेसरी. शेवटी जीभ बाहेर काढा: बारावा हायपोग्लॉसल.

सुरुवातीला हे दोन-तीनदा आरशासमोर करा. विशेष म्हणजे रुग्णाची तपासणी करतानाही डॉक्टर साधारण याच गोष्टी करायला सांगतात, त्यामुळे तुमचे सूत्र आणि तुमचे पुढचे काम एकच होते. या बारांतले संवेदी (संवेदना आणणारे) कोणते, प्रेरक (स्नायू हलवणारे) कोणते आणि मिश्र कोणते, यासाठीही लांबलचक वाक्य नको. केवळ संवेदी तीन: एक, दोन, आठ, म्हणजे वास, दृष्टी आणि श्रवण. मिश्र चार: पाच, सात, नऊ, दहा. उरलेले पाच प्रेरक.

सातव्याच्या चेहऱ्यावरील पाच शाखांसाठी स्वतःच्या हाताइतके चांगले चित्र नाही. उजव्या तळहाताचा मनगटाकडचा भाग उजव्या कानाच्या किंचित खाली-पुढे टेकवा आणि बोटे फाकवून चेहऱ्यावर पसरा. अंगठा कानशिलावर जातो, ती टेंपोरल. तर्जनी गालाच्या हाडावर, ती झायगोमॅटिक. मधले बोट गालावर, ती बकल. अनामिका जबड्याच्या कडेने, ती मार्जिनल मँडिब्युलर. आणि करंगळी मानेवर उतरते, ती सर्व्हायकल.

प्रश्न : हृदयाच्या कोणत्या बाजूला तीन पाकळ्यांची झडप असते आणि कोणत्या बाजूला दोन, हे मुलांना सांगताना मीच दरवर्षी अडखळते. सोपी खूण आहे का?

उत्तर : ‘उजवीकडे तीन, डावीकडे दोन’ एवढेच मुलांना सांगा. उजव्या फुप्फुसाचे खंड तीन, हृदयाच्या उजव्या बाजूच्या झडपेच्या पाकळ्या तीन. डाव्या फुप्फुसाचे खंड दोन, डाव्या झडपेच्या पाकळ्या दोन. हा नियम अलिंद आणि निलय यांच्यामधील झडपांपुरताच आहे. हृदयातून बाहेर पडणाऱ्या दोन मोठ्या वाहिन्यांच्या तोंडाशी असलेल्या झडपांना दोन्हीकडे तीन-तीन पाकळ्या असतात, हे त्याच तासाला सांगून टाका, म्हणजे पुढे एखाद्या हुशार विद्यार्थ्याचा गोंधळ होणार नाही.

प्रश्न : धमनी, शिरा आणि मज्जातंतू जेथे शेजारी-शेजारी जातात तेथे त्यांचा क्रम माझा हमखास चुकतो. मांडीच्या सांध्यापाशी एक क्रम, बरगडीखाली दुसरा. सगळीकडे चालेल असे एखादे सूत्र आहे का?

उत्तर : सगळीकडे चालेल असे सूत्र नाही आणि कोणी तसे सांगितले तर विश्वास ठेवू नका. पण तुम्ही विचारलेल्या दोन जागांची जोडी मोठी सोयीची आहे. जांघेत बाहेरून आत येताना मज्जातंतू, धमनी, शिरा: म-ध-शि. बरगडीखाली वरून खाली येताना शिरा, धमनी, मज्जातंतू: शि-ध-म. एक दुसऱ्याच्या नेमके उलट आहे, त्यामुळे एक आठवले की दुसरे मिळते. आणि याच कारणाने, दिशा विसरलात तर दोन्ही हातची जातात. म्हणून ‘जांघ, बाहेरून आत’ आणि ‘बरगडी, वरून खाली’ हे शब्द सूत्राचाच भाग समजा.

दोन्ही ठिकाणी मधला ‘ध’ हा खुंटा आहे, कारण धमनी उडते आणि जांघेत ती बोटाला लागते. जांघेच्या घडीच्या मध्याजवळ नाडी लागली की तिच्या आतल्या बाजूला शिरा आणि बाहेरच्या बाजूला मज्जातंतू, हे पुन्हा पाठ करावे लागत नाही. या शिरेत सुई घालणारे डॉक्टरही आधी ती नाडीच शोधतात. बरगडीच्या बाबतीत क्रमापेक्षा जागा महत्त्वाची आहे. हे त्रिकूट बरगडीच्या खालच्या कडेला असलेल्या खाचेत दडलेले असते, म्हणून छातीतले पाणी काढताना सुई खालच्या बरगडीच्या वरच्या कडेला लागून आत घालतात. कारण एकदा कळले की ‘सुई बरगडीच्या वरून की खालून’ असा प्रश्न तुम्हाला कधी पडणार नाही.

कोपराच्या पुढच्या बाजूचा क्रम आणखी वेगळा आहे. तेथे बाहेरून आत कंडरा, धमनी आणि मज्जातंतू येतात. कोपर किंचित वाकवून दंडाच्या स्नायूची दोरीसारखी ताठ कंडरा चिमटीत धरा; तिच्या लगतच आतल्या बाजूला जी नाडी उडते, रक्तदाब मोजताना स्टेथोस्कोप तिच्यावरच ठेवतात.

प्रश्न : आमच्या वर्गात वरच्या वर्षाच्या मुलांकडून जी सूत्रे येतात त्यांतली बरीचशी अश्लील असतात आणि अनेकदा स्त्रियांविषयी असतात. ती लक्षात राहतात हे खरे, पण मला ती वहीत लिहावीशी वाटत नाहीत. माझे काही चुकते का?

उत्तर : तुमचे मुळीच चुकत नाही. पत्र पाठवलेत याबद्दल आभार, कारण या गोष्टीवर उघडपणे कोणी बोलत नाही. विचित्र, अनपेक्षित गोष्ट मनात चटकन रुतते, एवढाच या सूत्रांचा आधार आहे, आणि विचित्रपणासाठी अश्लीलता लागत नाही. शिडाला चिकटलेला वाटाणा पुरेसा विचित्र आहे. शिवाय सूत्र वर्षानुवर्षे मनात राहते आणि रुग्णाच्या अंगाला हात लावताना तेच आठवते. त्या क्षणी आपल्या मनात काय यावे, याची काळजी घेणे हा वैद्यकीय शिक्षणाचाच भाग आहे. वर्गात पाच-सहा जणांनी मिळून आपली सूत्रे तयार करा. स्वतः केलेल्या सूत्रामागे शोधण्याचे कष्ट असतात, त्यामुळे आयत्या मिळालेल्या वाक्यापेक्षा ते खोल रुजते.

प्रश्न : परीक्षेपर्यंत सगळी सूत्रे आठवतात आणि महिन्याभरात पुसली जातात. पुन्हा वाचली की येतात, पुन्हा जातात. शिवाय आता सूत्रांचीच संख्या इतकी झाली आहे की कोणते सूत्र कशाचे, हे लक्षात ठेवायला आणखी एक सूत्र लागेल. काय करावे?

उत्तर : आधी विसरण्याविषयी. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरांच्या याद्या स्वतः पाठ करून विसरण्याचा वेग मोजला आणि 1885 साली ते काम प्रसिद्ध केले. पाठ केल्यानंतरच्या पहिल्या काही तासांत विसरणे सर्वाधिक होते आणि पुढे ते मंदावते, हे त्यात दिसले. म्हणून पहिली उजळणी त्याच दिवशी रात्री, दुसरी दोन-तीन दिवसांनी, तिसरी आठवड्याने आणि पुढची महिन्याने, अशी वाढत्या अंतराने ठेवा. उजळणी म्हणजे पुन्हा वाचणे, असे मात्र समजू नका. रोडिगर आणि कार्पिक यांनी 2006 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत एका गटाने उतारा पुन्हा पुन्हा वाचला आणि दुसऱ्या गटाने तो मिटून आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारले तेव्हा वाचणारे पुढे होते, पण आठवड्याने विचारले तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. तुमच्या पत्रात ‘पुन्हा वाचली की येतात’ असे जे लिहिले आहे, नेमकी तीच फसगत आहे: समोर दिसते म्हणून आपल्याला येते असे वाटते. वही मिटा, कोऱ्या कागदावर हाताचा किंवा पायाचा आराखडा काढा आणि नावे भरा. जे अडले तेवढेच उघडून पाहा.

आता सूत्रांच्या गर्दीविषयी. जेथे कारण सांगता येते तेथे सूत्र काढून टाका, असा माझा सल्ला आहे. श्वासपटलातल्या, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधल्या स्नायूच्या पडद्यातल्या, तीन वाटा घ्या. महाशिरा छातीच्या आठव्या मणक्याच्या पातळीवर, अन्ननलिका दहाव्या आणि महाधमनी बाराव्या मणक्याच्या पातळीवर जाते. आठ, दहा, बारा हे आकडे सूत्राने येतात, पण ‘कोण कुठून’ हे कारणाने येते. महाशिरा श्वासपटलाच्या मधल्या चिवट कंडरेतून जाते, त्यामुळे श्वास घेताना ती चिमटत नाही, उलट तिचे तोंड उघडे राहून रक्त हृदयाकडे सहज येते. अन्ननलिका स्नायूच्या भागातून जाते, आणि आकुंचन पावणारा तो स्नायू जठरातले अन्न वर येऊ नये म्हणून तिला आवळून धरतो. महाधमनी तर श्वासपटलाच्या मागून जाते, म्हणून श्वासाचा दाब तिच्यावर येत नाही. जी सर्वांत मागे ती सर्वांत खाली.

आकडे जेथे अपरिहार्य आहेत तेथे सूत्र अवश्य ठेवा, पण ते कोठे संपते ते जाणून. मानेचे मणके 7, छातीचे 12, कमरेचे 5, त्याखाली जुळून गेलेले 5 आणि माकडहाडाचे बहुधा 4, असे एकूण 33. सकाळी सात, दुपारी बारा, संध्याकाळी पाच या वेळांवर पहिले तीन आकडे सहज बसतात. पण याच वेळांवर मज्जारज्जूतून निघणाऱ्या मज्जातंतूंच्या जोड्या मोजू गेलात तर मानेत चूक होईल, कारण मानेत मणके सात आणि मज्जातंतूंच्या जोड्या आठ आहेत. पहिली जोडी पहिल्या मणक्याच्या वरून बाहेर पडते आणि आठवी सातव्याच्या खालून. तेथून पुढे प्रत्येक जोडी आपापल्या क्रमांकाच्या मणक्याखालून निघते. या मानेतल्या तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या जोड्यांतून श्वासपटलाला चालवणारा मज्जातंतू तयार होतो, म्हणून मान तिथे किंवा त्याहून वर मोडलेल्या रुग्णाचा श्वास धोक्यात येतो. ‘तीन, चार, पाच, तर श्वास’ एवढे पाच शब्द पुरेत.

आणि हाताला जाणारे मज्जातंतूंचे जाळे, म्हणजे ब्रेकियल प्लेक्सस, याच्यासाठी सूत्रांऐवजी पेन्सिल घ्या. पाच मुळे, तीन खोडे, सहा फाटे, तीन दोर, पाच मुख्य फांद्या: 5, 3, 6, 3, 5, उलटसुलट सारखेच. तीन खोडांपैकी प्रत्येकाचे पुढचा आणि मागचा असे दोन फाटे होतात म्हणून सहा. मागचे तिन्ही फाटे एकत्र येऊन मागचा दोर होतो, आणि त्यातून निघणारे ॲक्सिलरी व रेडियल हे मज्जातंतू खांद्यापाशी दंड उचलणाऱ्या आणि कोपर, मनगट व बोटे सरळ करणाऱ्या स्नायूंकडे जातात. पुढचे फाटे बाहेरच्या आणि आतल्या दोरांत जातात, आणि त्यांच्यापासून मस्क्युलोक्युटेनियस, मीडियन आणि अल्नर हे हाताच्या पुढच्या बाजूचे तीन मज्जातंतू तयार होतात. पहिल्या दिवशी ही आकृती काढायला वीस मिनिटे लागतील. रोज एकदा, पुस्तक न उघडता, कोऱ्या कागदावर काढा. दोन आठवड्यांनी ती दोन मिनिटांत पुरी होऊ लागली की मग दिवसाआड काढा.